माकीझुशी : भाताची गुंडाळी

जपानी घरात माकीझुशी करावयाची म्हणजे लहानथोर सर्वांचे हात लागतात. आखूड दाण्याच्या ऊन भातात शिरका, साखर व मीठ मिसळताना एखादे मूल पंख्याने वारा घालते. त्याने शिते तकतकीत होतात. बांबूच्या चटईवर नोरी, म्हणजे समुद्रशैवालाचा कागदासारखा पापुद्रा, पसरून वर भात थापावा. पलीकडची कड मोकळी सोडावी, एरवी गुंडाळी मिटत नाही. आत काकडी, अंड्याची पोळी. कच्ची मासळी हवीच असे मुळीच नाही. ओल्या सुरीने तुकडे करावेत.

नोरीचे पीक पूर्वी केवळ दैवाधीन असे. तिचे बी कोठून येते, हेच कोणास ठाऊक नव्हते. या जातीचे शैवाल आरंभी सूक्ष्मरूपाने शिंपल्यांत वाढते, हे १९४९ साली इंग्रज संशोधिका कॅथलीन ड्र्यू-बेकर यांनी दाखविले, आणि पुढे बी धरून लागवड करता येऊ लागली. बाई जपानला कधीच गेल्या नाहीत. उतो येथे १९६३ साली उभारलेले त्यांचे स्मारक मात्र नोरी पिकविणाऱ्यांचेच आहे.