संचालक मंडळात महिला : कायदा काय म्हणतो?

अंधेरी-मुलुंडला नोकरीस असलेली आपली मुले विचारतात, "आमच्या कंपनीच्या बोर्डावर बाई आहे, तुमच्या कारखान्यात?"

कंपनी कायदा २०१३ नुसार शेअरबाजारात नोंदलेल्या प्रत्येक कंपनीला किमान १ महिला संचालक नेमणे सक्तीचे आहे. आपल्या राज्याच्या सहकार कायद्यात तर महिलांना २ जागा राखीव आहेत. फरक एवढाच, की कंपनी बाहेरची जाणकार बाई नेमू शकते. आपल्याकडे निवडणुकीस उभी राहणारी सभासदच लागते. इथेच घोडे अडते. ऊस खुरपते ती, सातबारा नि शेअर मात्र मालकांच्या नावावर! मग उभी राहणार कोण?

लक्ष्मी मुक्ती योजनेत पत्नीचे नाव सातबाऱ्यावर लावता येते. आमचे म्हणणे एवढेच : आधी ते लावा, मग तिच्या नावे शेअर घ्या.