संगणकाचा आवाज रिसीव्हरपर्यंत
संगणक होम थिएटरच्या रिसीव्हरला जोडायचा तर एचडीएमआय केबलच घ्यावी. ती न दाबलेल्या आवाजाचे 8 चॅनेल नेते; ऑप्टिकल केबल 2च, 5.1 हवे तर डॉल्बी किंवा डीटीएसमध्ये दाबूनच. मग विंडोजच्या साउंड सेटिंगमध्ये 5.1 निवडावे, नाहीतर मागचे स्पीकर मुके राहू शकतात.

धाराशिव, परंड्याकडे खरी डोकेदुखी गुणगुणीची. उन्हाळ्यात जमीन कोरडी पडली की अर्थिंग कमकुवत होते, आणि दोन्ही यंत्रे वेगवेगळ्या बोर्डांवर असली तर 50 हर्ट्झच्या विजेची घरघर स्पीकरमध्ये शिरू शकते. दोन्ही एकाच बोर्डावर घ्या, अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घाला. तरीही थांबली नाही, तर ऑप्टिकल लावून पाहा. तिच्यातून प्रकाश जातो, वीज नाही. घरघर घालवायला अर्थिंगची पिन मात्र कधीही काढू नका, त्यात जिवाला धोका आहे.