सात दिवसांचा नियम

२३ एप्रिल २०२५ रोजी डोंबिवलीच्या भागशाळा मैदानावर माणसांचा समुद्र लोटला होता. त्या गर्दीत मीही उभा होतो. आदल्या दिवशी पहलगाम येथे दहशतवाद्यांनी २६ माणसे ठार मारली. त्यांत आमच्या डोंबिवलीचे तिघे होते. पुढे २९ एप्रिलला राज्य मंत्रिमंडळाने महाराष्ट्रातील सहाही मृतांच्या कुटुंबांना प्रत्येकी ५० लाख रुपये आणि सरकारी नोकरी देण्याचे ठरविले. निर्णय योग्यच होता. दुःखाला दुःखाशी तोलण्याचे पाप मला करावयाचे नाही.

पण २२ तारखेपासून २९ तारखेपर्यंतचे दिवस मी मोजले. ते सात भरले. हा सातचा आकडा मला आणखी एका कायद्यातून माहीत आहे. तेथे तो सरकारच्या इच्छेवर सोडलेला नाही. तो लिखित नियम आहे.

अनुसूचित जाती व जमाती (अत्याचार प्रतिबंध) अधिनियम १९८९ साली झाला. लोक त्याला नुसते ‘अ‍ॅट्रॉसिटी’ म्हणतात, आणि त्याचा अर्थ आरोपीला होणारी शिक्षा एवढाच धरतात. या कायद्याला दुसरी बाजू आहे. कलम २१ अन्वये पीडितांचे आर्थिक व सामाजिक पुनर्वसन हे शासनाचे कर्तव्य आहे. ते कसे करावयाचे हे १९९५ च्या नियमांनी सांगितले. त्यांतील नियम १२ मध्ये २०१६ साली दुरुस्ती झाली, आणि जिल्हाधिकारी किंवा प्रांताधिकारी यांनी सात दिवसांच्या आत पीडितांना रोख वा वस्तुरूपाने साहाय्य द्यावे असे त्यात आले. म्हणजे पीडिताने दारोदार फिरावे असे कायदा म्हणत नाही. अधिकाऱ्याने त्याच्या दारी जावे असे कायदा म्हणतो.

रकमाही ठरलेल्या आहेत. २०१६ च्या दुरुस्तीप्रमाणे त्या ८५ हजारांपासून ८ लाख २५ हजारांपर्यंत जातात. खून झाला असेल तर ८ लाख २५ हजार: निम्मे शवविच्छेदनानंतर, निम्मे दोषारोपपत्र न्यायालयात गेल्यावर. बलात्कार झालेल्या स्त्रीला ५ लाख, सामूहिक बलात्कार असल्यास ८ लाख २५ हजार: निम्मे वैद्यकीय तपासणी व अहवालानंतर, पाव हिस्सा दोषारोपपत्रानंतर, उरलेला पाव हिस्सा खालच्या न्यायालयातील खटला संपल्यावर. चारचौघांत जातीवरून अपमान झाला तर १ लाख: पाव हिस्सा फिर्याद नोंदताच, निम्मे दोषारोपपत्रानंतर, शेवटचा पाव हिस्सा मात्र आरोपी दोषी ठरल्यावर.

यातला एक बदल वाचकांनी लक्षात ठेवावा. १९९५ च्या मूळ नियमांत कमावत्या माणसाच्या खुनासाठी २ लाख आणि न कमावत्यासाठी १ लाख अशी तफावत होती. भल्या पहाटेपासून राबणारी बाई त्या हिशेबात न कमावती ठरत असे! २०१६ मध्ये ही तफावत गेली.

पैशांवर गोष्ट संपत नाही. खून, बलात्कार, कायमचे अपंगत्व अशा प्रकरणांत घटनेपासून तीन महिन्यांच्या आत आणखी बरेच द्यावे असे नियम सांगतात. मृताच्या विधवेला किंवा अवलंबितांना दरमहा ५ हजार मूळ निवृत्तिवेतन व त्यावर महागाई भत्ता, कुटुंबातील एकाला नोकरी, शेतजमीन, घर, मुलांच्या पदवीपर्यंतच्या शिक्षणाचा पूर्ण खर्च. तीन महिन्यांची भांडी, तांदूळ, गहू, डाळीसुद्धा! ज्याने हा नियम लिहिला त्याला चूल विझलेले घर ठाऊक असले पाहिजे. पीडित व साक्षीदार यांना तपासासाठी आणि खटल्यासाठी येण्याजाण्याचे भाडे व भत्ता मिळतो. आमच्याकडच्या माणसाला कल्याणच्या न्यायालयात एक तारीख म्हणजे एक रोज बुडाला. तो रोज भरून देण्याची जबाबदारी शासनाची आहे.

मग हे सारे मिळते का? गेल्या काही वर्षांत अर्ज लिहून घेण्यासाठी लोक माझ्याकडे येतात. एकदा चाळीतली एक म्हातारी आली. मुलाचा खून झाला होता. प्लॅस्टिकच्या पिशवीत कागद घट्ट बांधून आणले होते. पहिल्या हप्त्यासाठी ती आठ महिने एका कार्यालयाच्या पायऱ्या झिजवीत होती. कधी दाखला अपुरा, कधी साहेब दौऱ्यावर. परंतु तिची खरी भीती निराळीच होती.

“भाऊ, हे पैसे घेतले तर केस मिटली असं तर नाही ना व्हायचं? वस्तीत म्हणतात, म्हातारीनं पोराचं रगत विकलं.”

“नाही मावशी,” मी म्हणालो, “हा सौदा नाही. आरोपीकडून एक पैसाही तुम्ही घेत नाही. खटला चालूच राहील.”

तिला सांगितले तेच सर्वांना सांगावयाचे आहे. हे साहाय्य म्हणजे रक्ताची किंमत नव्हे, तडजोड तर नव्हेच नव्हे. घटनेच्या १७ व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली आणि आमच्या जीविताची हमी राज्याने घेतली. ती हमी जेथे मोडली तेथे राज्य ऋणको झाले. ऋणको आपले देणे फेडतो तेव्हा तो उपकार करीत नसतो. आणि हे देणे घेतल्याने दुसरा हक्क बुडत नाही, असे नियम १२ मध्येच म्हटले आहे. २०१३ पासूनची मनोधैर्य योजना बलात्कार, बालकांवरील लैंगिक अत्याचार व अ‍ॅसिडहल्ला यांच्या पीडितांसाठी आहे. गुन्हेगाराचा माग लागला नाही तरीही जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे भरपाई मागता येते. ती तरतूद २००९ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेत होती, १ जुलै २०२४ पासून ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९६ मध्ये आहे.

म्हणून फिर्याद देतानाच अत्याचार प्रतिबंध अधिनियमाची कलमे लागली की नाही ते पाहावे, फिर्यादीची प्रत घ्यावी, जातीचा दाखला तयार ठेवावा. दोषारोपपत्र साठ दिवसांत जावे असा नियम आहे. ते गेले की दुसरा हप्ता लेखी मागावा. ठाणे जिल्ह्यासाठीही जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली दक्षता समिती असते आणि तिची बैठक दर तीन महिन्यांनी व्हावयास हवी. तिच्यापुढे थकलेली प्रकरणे नेली पाहिजेत. हे काम एकट्या म्हातारीचे नाही, वस्तीतल्या शिकलेल्या पोरांचे आहे.

सात दिवसांत शासन हलू शकते, हे आमच्या डोंबिवलीने पाहिले आहे. ते अशक्य होते असे आता कोणी म्हणू नये. मैदान भरलेले असले की शासन सात दिवसांत येते. ज्याच्या अंत्ययात्रेला वस्तीतली वीस माणसे असतात, त्याच्या घरीही ते सातव्या दिवशी आले पाहिजे. नियम त्याच्यासाठीच लिहिलेला आहे.