वढवाण्याचा काठ
डभोई तालुक्यातला वढवाणा तलाव (सौराष्ट्रातलं वढवाण वेगळं) बडोदे संस्थानात सयाजीराव गायकवाडांच्या काळी, १९१० साली, शेतीसाठी बांधला. पाणी ओरसंग नदीचं, जोजव्याच्या बंधाऱ्यावरून कालव्याने आणलेलं. म्हणजे निसर्गनिर्मित वगैरे काही नाही, सरळ पाटबंधाऱ्याचं काम! तरी २०२१ मध्ये तो रामसर यादीत गेला.

मी मूळचा इंजिनिअर, म्हणून आधी उतार बघतो. इथला काठ पसरट आहे. पावसाळ्यात तलाव भरतो, रब्बीला पाणी सुटलं की हळूहळू मागे सरतो. उथळ पाण्यात ऊन तळापर्यंत पोचतं, पाणवनस्पती वाढतात, त्या खायला हिवाळ्यात मोठ्या लालसरीचे थवे उतरतात. उघड्या पडलेल्या चिखलात तुतवार किडे टिपतात. शेतातून वाहून आलेलं खतही याच वनस्पती शोषतात.

आता जुन्या तलावाचं ‘सुशोभीकरण’ निघालं की काय होतं? तळ सरसकट खोल, काठाला दगडी पिचिंग, वर फरशी. साठा वाढतो, हे खरंच. पण ओल्या-कोरड्यामधली ती पट्टी जाते, आणि परत हवी तर पिचिंग उखडावं लागतं. गाळ काढायचाच तर बांधाजवळच्या खोल भागातला काढावा, पसरट काठाला हात लावू नये. पाणकणीसही थोडं राहू द्यावं. बऱ्याच जणांना ती अस्वच्छता वाटते, मला नाही.