फेरारीनं बोट दाखवलेली बाई

एन्झो फेरारीनं १९६२मध्ये लिहिलेल्या आत्मकथनात गाड्यांच्या शर्यतींपायी गेलेल्या पोरांची हजेरीच आहे. शर्यतींच्या नादापायी मी ते वर्षानुवर्षं चाळत आलोय, आणि दर वेळी एउजेनिओ कास्तेलोत्तीपाशी अडकतो. लोदीचा हा देखणा, पैसेवाला तरुण ड्रायव्हर १९५६ची मिल्ले मिल्या शर्यत भर पावसात जिंकला आणि १४ मार्च १९५७ला, सव्विसाव्या वर्षी, मोदेनात गेला. फेरारीचं म्हणणं असं, की त्या दिवसांत तो प्रेमातल्या ओढाताणीनं कडवटला होता; बहुधा त्यामुळेच हात क्षणभर मंदावले. बोट कुणाकडे आहे, हे तेव्हा इटलीत शाळकरी पोरानंही सांगितलं असतं. त्याची वाग्दत्त वधू, नटी देलिया स्काला हिच्याकडे.

आता त्या दिवसाचा क्रम बघा. मोदेनाच्या ट्रॅकवर मासेरातीच्या झां बेह्रानं फेरीच्या वेळेचा विक्रम मोडलेला. मासेराती म्हणजे त्याच गावातली गाड्यांची दुसरी कंपनी, फेरारीची सावत्र भावकी. कास्तेलोत्ती फ्लॉरेन्सला देलियाजवळ होता. फेरारीनं त्याला बोलावून घेतलं. आपेनाईन डोंगर ओलांडून तो आला, गाडीत बसला आणि ट्रॅकवरच्या वळणावर आपटून संपला. कुठली शर्यत नव्हती, बक्षीस नव्हतं. गावातल्या शेजाऱ्याची जिरवायची होती. तरी पुस्तकात दोष त्या पोराच्या मनःस्थितीचा! मला हा हिशेब कधीच पटलेला नाही.

ही देलिया म्हणजे १९२९मध्ये रोमजवळच्या ब्राच्यानोत जन्मलेली ओदेत बेदोन्यी. मिलानच्या ला स्कालाच्या शाळेत बॅले शिकली, आडनावही तिथलंच उचललं. किशोरवयात एका ग्रीक अधिकाऱ्याशी झालेलं लग्न लवकरच मोडलं. इटलीत घटस्फोटाचा कायदा १९७०मध्ये आला. तोवर असं लग्न चर्चनंच रद्द ठरवावं लागे. सिनेमे तिनं बरेच केले, त्यातले बरेचसे विसरण्याजोगे. पण जुझेप्पे दे सांतिसचा १९५२चा ‘रोमा ओरे उंदिची’ अपवाद: टायपिस्टच्या एका जागेसाठी जमलेल्या मुलींच्या गर्दीनं जिना कोसळतो, त्या खऱ्या घटनेवरचा.

तिचं खरं घर म्हणजे गारिनेई-जोव्हान्निनी जोडीची संगीत नाटकं. १९५६च्या ‘बुओनानोत्ते बेत्तिना’त वॉल्टर किआरीसमोर ती साधीभोळी बायको, जिनं लिहिलेली चावट कादंबरी चुकून छापली जाते. बॅलेत घडलेलं शरीर आणि विनोदाचं टायमिंग हे दोन्ही एका नटीत क्वचित सापडतं. कास्तेलोत्तीच्या घरच्यांना नटी सून नको होती आणि त्यालाही तिनं रंगमंच सोडावा असं वाटे, असं तेव्हाची साप्ताहिकं रंगवून छापत. ती मात्र थांबली नाही. १९५९मध्ये मान्फ्रेदी आणि पानेल्ली यांच्याबरोबर दूरदर्शनचा ‘कान्झोनिस्सिमा’, १९६१मध्ये मोदुन्योबरोबर ‘रिनाल्दो इन काम्पो’, १९६३मध्ये ‘माय फेअर लेडी’ची एलायझा. त्याच गोष्टीवरची पु.लं.ची ‘ती फुलराणी’ तेव्हा अजून बारा वर्षं दूर होती.

सत्तरच्या दशकात स्तनाचा कर्करोग झाला. हा आजार घराघरांत कुजबुजीनंच बोलला जाई, तेव्हा ती त्याबद्दल जाहीर बोलली. मग १९८२पासून ‘काझा चेचिलिया’ या मालिकेत ती नव्या पिढीच्या ओळखीची झाली. २००४मध्ये लिव्होर्नोत वारली. शर्यतींच्या बहुतेक पुस्तकांत ती अजूनही कास्तेलोत्तीची वाग्दत्त वधू एवढीच आहे, आणि तेही फेरारीच्या शब्दावर विसंबून.