विहिरीची खोली आणि उलटे गणित

मंडळी, समजा तुमच्या मळ्यात गोल विहीर खणून झाली आहे. मजुरी ठरली ती ब्रासवर, म्हणजे दर १०० घनफूट खोदाईला अमुक रुपये. मुकादम कागद पुढे करतो : एकूण खोदाई ४६.२० ब्रास. आकडा खरा की खोटा, हे ताडून कसे पाहायचे?

गोल खड्ड्याचे घनफळ म्हणजे २२/७ गुणिले त्रिज्येचा वर्ग गुणिले खोली. शाळकरी पोरही हे घडाघडा म्हणते. पण इथे घनफळ कागदावर आहेच. शोधायची आहे ती खोली.

विहिरीच्या तोंडावर मधोमध आडवी दोरी धरा. रुंदी १४ फूट भरली, तर त्रिज्या ७. तिचा वर्ग ४९, आणि २२/७ ने गुणल्यावर १५४ चौरस फूट. म्हणजे एक फूट खाली गेले की १५४ घनफूट माती-मुरूम वर येतो. मग ४६२० घनफुटांत १५४ किती वेळा बसतात? बरोबर ३० वेळा. तेव्हा विहीर ३० फूट भरायला हवी. आता दोरीला दगड बांधून खाली सोडा. ती २७ फूटच भरली, तर ४६२ घनफुटांची मजुरी तुमच्याकडून जास्त मागितली जात आहे. (विहीर खाली निमुळती असेल, तर रुंदी तीन-चार ठिकाणी मोजावी हे उत्तम.)

गुरुजी, इथे एक अडचण तुमच्या ओळखीची असेल. ‘पलीकडे नेले की चिन्ह बदलते’ एवढेच पाठ केलेला मुलगा ४६२० मधून १५४ वजा करून मोकळा होतो! त्याच्यापुढे तराजू मांडा. एका पारड्यात ४६२०, दुसऱ्यात १५४ गुणिले खोली. दोन्ही पारड्यांना १५४ नेच भागायचे. काटा हलत नाही आणि खोली एकटी उरते.

ही युक्ती जुनीच. भास्कराचार्यांनी ११५० साली रचलेल्या ‘लीलावती’त व्यस्तविधी आहे : शेवटून मागे यायचे, गुणाकाराच्या जागी भागाकार आणि वर्गाच्या जागी वर्गमूळ घ्यायचे. २२/७ हे प्रमाणही त्यांनी व्यवहाराला पुरेसे म्हणून दिले आहे. आपल्या विहिरीत त्याने जेमतेम दोन घनफुटांचा फरक पडतो.

त्रिज्या हवी असेल तर मात्र जपून. २० फूट खोलीत ६९३० घनफूट पाणी मावायला हवे, तर विहीर किती रुंद आखावी? आधी २० ने भागा : ३४६.५. मग ७ ने गुणून २२ ने भागा : ११०.२५. पुष्कळ जण इथेच थांबतात; पण ही त्रिज्या नव्हे, तिचा वर्ग. वर्गमूळ १०.५ फूट, म्हणून रुंदी २१ फूट. साडेदहालाच रुंदी समजून फक्की मारलीत, तर खोली तेवढीच राहून पाणी मात्र चौथा हिस्साच मावेल.