सर्वांना चालेल असा मजकूर

वेबची मानकं ठरवणाऱ्या वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमच्या कार्यगटाची बैठक ऑनलाइन भरते. बॉस्टनला दुपार असते तेव्हा पुण्यात जेवणं उरकलेली असतात. एकीकडे बोलणं, दुसरीकडे चॅटची साधी खिडकी. बोलायचं असेल तर तिथे ‘क्यू’ आणि अधिकचं चिन्ह टाकायचं. ‘झाकिम’ नावाचा बॉट रांग सांभाळतो. सगळं बोलणं टिपण्याची पाळी आळीपाळीने येते. माझ्यावर ती येते तेव्हा वाद घालायला उसंत नसते, पण माणसं नेमकी कुठे अडतात ते तेव्हाच कळतं. ‘मी असं म्हणालो नव्हतो’ म्हणत बोलणारा तिथल्या तिथे ओळ दुरुस्त करवतो. हे इतिवृत्त सार्वजनिक होतं, त्यामुळे प्रत्येक जण शब्द जपून वापरतो.

वाद असतो डीआयडी या विकेंद्रित ओळखचिन्हाचा. ईमेलचं खातं देणारी कंपनी ते बंदही करू शकते. डीआयडी मात्र ज्याचं त्यानेच तयार करावं आणि त्याच्या गुप्त डिजिटल किल्ल्याही त्याच्याच हाती असाव्यात, अशी कल्पना आहे. त्याचे तीन भाग विसर्गचिन्हासारख्या दोन टिंबांनी वेगळे केलेले असतात: आधी ‘डीआयडी’ हा शब्द, मग पद्धतीचं, म्हणजे ओळख कशी तयार करायची आणि दस्तऐवज कुठे शोधायचा हे ठरवणाऱ्या व्यवस्थेचं नाव, शेवटी त्या पद्धतीतली ओळख. त्यावरून एक दस्तऐवज सापडतो आणि त्यात गुप्त किल्ल्यांच्या जोडीच्या सार्वजनिक किल्ल्या असतात.

मानकाच्या मजकुरावरची खरी झटापट ‘केलंच पाहिजे’ आणि ‘करावं’ यांच्यात होते. सक्ती लिहायला सोपी, पण सक्तीच्या प्रत्येक नियमाला चाचणी लागते आणि किमान दोन स्वतंत्र अंमलबजावण्या दाखवाव्या लागतात. भारदस्त वाक्य आलं की सॉफ्टवेअर लिहिणारा एखादा शांतपणे विचारतो, ‘हे तपासणार कसं?’ उत्तर नसेल तर सक्ती उतरते, कधी वाक्यच जातं. मग ठराव मांडला जातो, चॅटमध्ये अधिक एक, शून्य, उणे एक असे कौल पडतात. उणे एक आलं की चर्चा पुन्हा सुरू. सगळ्यांना तो मजकूर आवडावा अशी कुणाचीच अपेक्षा नसते. सगळ्यांना चालला, एवढं पुरतं.

मात्र सर्वांना चालावं म्हणून अवघड भाग बाजूला ठेवावा लागतो. 2019 मध्ये काम सुरू झालं तेव्हाच, कुठलीही एक पद्धत प्रमाणित करायची नाही, असं कार्यकक्षेत लिहिलं होतं. ब्लॉकचेनवाले आणि साध्या वेबसाइटवर दस्तऐवज ठेवणारे एकाच टेबलाशी बसू शकले ते त्यामुळेच. नोंदवलेल्या पद्धती 100च्या वर गेल्या.

2021 मध्ये गूगल, ॲपल आणि मोझिला यांनी औपचारिक हरकत घेतली. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: इतक्या पद्धती आणि एकही प्रमाणित नाही, तर दोन वेगळ्या यंत्रणा एकमेकींशी बोलतील याचा पुरावा काय? बिटकॉइनसारख्या ब्लॉकचेनच्या वीजवापराचा मुद्दाही निघाला. जून 2022 मध्ये हरकती फेटाळल्या गेल्या आणि 19 जुलैला डीआयडीचं मानक अधिकृत झालं.

हरकती फेटाळल्या गेल्या तरी त्यांच्यातला प्रश्न मिटला नाही. ओळखचिन्हावरून दस्तऐवज कसा शोधायचा, हे पहिल्या फेरीत बाहेर ठेवलेलं कामही आता कार्यगटाच्या यादीत आहे. एकत्र बसता यावं म्हणून जे वगळलं, तेच पुढच्या बैठकांचं काम ठरलं. नव्या सदस्याला म्हणूनच मी सांगतो: मानक वाच, पण कार्यकक्षेतली ‘हे करणार नाही’ ही यादी त्याआधी वाच. पुढचे वाद तिथूनच येतात.